कापूसगडच्या बैलाला नामदेवकाकांची हरकत

त्या वर्षांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसाठी ज्यांनी ज्यांनी कॅमेरे आणले, त्यांच्यावर माझा सरळ आरोप आहे. तुम्ही आमच्या माणसांना रडायला बसवलंत! नाव कुणाचंच घेत नाही. गाड्या सारख्याच होत्या, माइक सारखेच होते आणि प्रश्नही एकच होता, "आता कसं वाटतंय?" तुम्ही विचारलंत आणि निघून गेलात. कॅमेऱ्यासमोर कुठे बसायचं, नजर कशी खाली ठेवायची, पदर कधी डोळ्याला लावायचा, याचं ट्रेनिंग तेवढं मागे राहिलं. आणि त्या ट्रेनिंगचा त्रास कुणाला झाला? आम्हाला! कारण त्याच माणसांना घेऊन आम्ही उडत्या बैलाचा सिनेमा करायला निघालो होतो.

त्या सिनेमाचे किस्से माझ्याकडे त्या वर्षीच्या कापसासारखे साठलेत. भाव पडलेला, खरेदी बंद, आणि कापूस घराघरांत. ओसरीत, माळ्यावर, खाटेखाली. पाहुणा आला की आधी कापूस सरकवायचा, मग चहा मांडायचा. माझंही तसंच झालंय. कुणी नुसतं "शूटिंग" म्हटलं तरी दोन-चार किस्से दारातून बाहेर सांडतात. तर आज एकदाची खोली रिकामी करते.

* * *

आधी पुस्तकांविषयी. 'कापूसगडच्या गोष्टी' ही सात छोटी पुस्तकं. आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेच्या पेटीत ती असायची, पानं सुटलेली, दोऱ्यानं शिवलेली. झुंबर नावाची एक मुलगी. तिचा पांढरा बैल ढवळ्या. तो उडतो! ढगांच्याही वर कापसाचा गड आहे, तिथे बोंडराजा राज्य करतो, आणि त्याचा शत्रू म्हणजे लाल्या राक्षस. कपाशीची पानं लाल करणारा लाल्या रोग असतो ना, तोच.

लिहिणाऱ्या निमाबाई बाभुळगावला राहायच्या. प्राथमिक शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. कॉलेजचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी त्यांच्या दारात उभी राहिले. सोबत दोघं. एक इम्रान, दारव्ह्याला लग्नाचे व्हिडिओ काढायचा, कॅमेरा आणि कॉम्प्युटर त्याचा. दुसरा गजू, आवाज आणि पोट दोन्ही राजाचं. डायरेक्टर मी, कारण तशी घोषणा मीच केली होती.

बाईंनी चहा दिला आणि सांगितलं, "उशीर केलात. मोठ्या शहरातली एक कंपनी येऊन गेली."

टेबलावर कागद होता. बाईंच्या पुण्याच्या भाच्यानं सही कुठे करायची तिथे पेन्सिलनं फुलीसुद्धा मारून ठेवली होती.

"त्यांचा माणूस फार गोड बोलत होता," बाई म्हणाल्या. "म्हणाला, बाई, गोष्ट सुपर आहे. फक्त कापूस सध्या सॅड आहे. आपण बर्फ करू. आणि बैलाऐवजी घोडा घेऊ."

मी ताडकन उठले! बर्फ? यवतमाळात? काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला असणार, कारण तिथून एक बाई डोकावून गेली.

"बस खाली, वैशाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "संतापानं सिनेमा होत नसतो. गुढीपाडव्यापर्यंत वेळ देते. पहिल्या पुस्तकाचा सिनेमा करा आणि पाडव्याला संध्याकाळी इथल्या शाळेच्या मैदानावर दाखवा. बैल उडाला असं नामदेवला पटलं, तर हा कागद मी फाडून टाकीन. नाही पटलं, तर सही करीन. मग बर्फ काय आणि घोडा काय."

"बाई, मुलांना पटलं तर नाही चालणार?"

"मुलांना पटतंच. त्यात कसली परीक्षा?"

* * *

नामदेव म्हणजे नामदेवकाका. बाभुळगावपासून जवळच्याच एका खेड्यात राहायचे. चाळीसेक वर्षांपूर्वी निमाबाई तिथल्या शाळेत नव्या होत्या. पुस्तकं तेव्हा लिहिलेली नव्हती. शनिवारी शेवटच्या तासाला त्या मुलांना तोंडी गोष्ट सांगत. एका शनिवारी त्यांनी सांगितलं की ढवळ्यानं कान हलवले, पाय उचलले आणि तो उडाला. अख्खा वर्ग तोंड उघडं टाकून बसलेला. फक्त तिसरीतला नामदेव उभा राहिला.

"बाई, बैल उडत नाई."

"गोष्टीतला उडतो रे."

"ढवळ्या आमचा व्हय. मी घरी पाह्यतो न त्याले. तो नाई उडत."

आणि ते खरंच होतं! शाळेसमोर नामदेवच्या वडिलांचा गोठा होता, बाईंनी बैल तिथूनच उचलला होता, नावासकट. नंतर सात पुस्तकं झाली, पण बाई म्हणायच्या, "प्रत्येक पुस्तक लिहिताना तो पोरगा माझ्यासमोर उभाच होता."

त्या घरात पांढरा बैल आला की नाव ढवळ्याच ठेवायचे. त्यामुळे आम्हाला बैलही त्यांचाच मागायचा होता. आम्ही गेलो तेव्हा काका गोठ्यात गव्हाण झाडत होते. मी पाठ केलेलं भाषण केलं: आपला कापूस, आपली गोष्ट, आपला सिनेमा! पाच मिनिटं बोलले. काकांनी झाडू भिंतीला टेकवला.

"बैल उडत नाई," ते म्हणाले.

"काका, खरा नाही उडवायचा. कॉम्प्युटरमध्ये."

"मंग कॉम्प्युटरच उडवा न. माह्या बैलाले कायले तरास?"

गजूनं हात जोडले. बाईंचं नाव काढलं. काका बराच वेळ ढवळ्याच्या मानेवरून हात फिरवत राहिले.

"बाईचं काम आहे तं नाई म्हनता येत नाई. पन पाय जमिनीले पाह्यजे त्याचे. दोराले बांधून वरतं घेसान तं तिथंच शूटिंग बंद." मग थोडं थांबून, "अन् एक सांगा. उडतानी शेन टाकलं, तं खाली कोन उभं राहीन?"

सिनेमाच्या सगळ्या चर्चांमध्ये हा एकच मुद्दा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता!

* * *

पहिल्या दिवसाचं शूटिंग काकांच्याच गावात. सीन अगदी साधा. झुंबर बैलावर बसून आकाशात चाललीय, आणि खाली गावकरी वर बघून आनंदानं हात हलवतात. बैलही नको, झुंबरही नको. फक्त माणसं आणि त्यांचा आनंद.

आम्ही जीपमधून कॅमेरा उतरवला आणि मी पारावर चहा सांगायला गेले. परत येते तर काय! गाव तयार. एक आजी उंबऱ्यावर पदर तोंडाला लावून बसलेली. दोघं जण बाजेवर कपाळाला हात लावून. एक काकू रिकामा तवा घेऊन चुलीसमोर. समोर चार पोरं ओळीनं उभी, आणि त्यांच्या अंगातले चांगले शर्ट त्यांच्या आया काढून घेतायत!

एक गृहस्थ अदबीनं माझ्याजवळ आले. "मॅडम, मी कुठं बसू? मागच्या टायमाले निंबाखाली बसवलं होतं. पन तिथं आता ऊन येते."

मला नेहमीप्रमाणे राग आला. मी जीपच्या बॉनेटवर चढले आणि ओरडले, "रडायचं नाहीये! कुणीही रडायचं नाही! सगळ्यांनी वर बघून हसायचंय!"

उंबऱ्यावरच्या आजीनं तोंडावरचा पदर बाजूला केला.

"हसाचं?" ती संशयानं म्हणाली. "मंग हे कोन्तं चॅनल व्हय वं?"

त्या दिवशी हसू काही आलं नाही. शिकवलेलं विसरायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी गजू बोंडराजाचा कापसाचा मुकुट घालून, कमरेला लुंगी खोचत चिखलातून धावताना पडला, आणि अख्खं गाव फुटलं! आजी तर उंबऱ्यावरच आडवी झाली. इम्रानचा कॅमेरा चालू होता. तोच शॉट आम्ही सिनेमात घेतला. ते सगळे आकाशातल्या बैलाकडे बघून हसतायत असं वाटतं. खरं तर राजा खाली पडलाय.

* * *

ढवळ्याचं शूटिंग सुरू झालं. मी सिनेमाच्या पुस्तकात वाचल्याप्रमाणे जोरात ओरडले, "ॲक्शन!"

ढवळ्या रवंथ करत उभा.

"ॲक्शन!!"

रवंथ.

"त्याले इंग्रजी येत नाई," काका म्हणाले आणि त्यांनी जिभेनं टाळूला लावून आवाज केला. चक् चक्. ढवळ्या निघाला.

मग तसंच ठरलं. मी खूण करायची, काकांनी चक् चक् करायचं. महिनाभरात अशी सवय लागली की बैल नसलेल्या सीनमध्येही काका बाजूला बसून चक् चक् करायचे आणि बोंडराजा, झुंबर झालेली गावातली पोरगी, प्रधान, सगळे बोलायला सुरुवात करायचे. मी "ॲक्शन" म्हटलं तर कुणी ढुंकून बघत नसे!

डायरेक्टर म्हणून माझी किंमत काय ते मला तिथेच कळलं.

* * *

लाल्या राक्षसासाठी माणूस मिळेना. शेवटी गावात येणारे कृषी सहायक तयार झाले. सहा फूट उंची, जाड भुवया, आणि कॉलेजात नाटकाचं बक्षीस. आम्ही त्यांना लाल रंगानं रंगवलं, टिनाचे दात लावले, पाठीला लाल पानांचा झगा. कपाशीच्या वावरात ते उभे राहून गरजले, "झुंबर! तुझा गड मी सुकवून टाकीन!" मला स्वतःला घाम फुटला.

टेक सुरू असतानाच शेताच्या धुऱ्यावरून एक शेतकरी थेट फ्रेममध्ये आला. हातात कपाशीचं पान.

"साहेब, बरं झालं भेटले. हा लाल्याच व्हय का?"

राक्षसानं गरजणं थांबवलं. पान उन्हात धरून उलटसुलट पाहिलं.

"हो, लाल्याच. मॅग्नेशियम सल्फेट फवारा. मी बऱ्याच दिवसांपासून सांगून राह्यलो, कोणी ऐकत नाही."

"किती टाकू?"

टिनाच्या दातांमुळे प्रमाण नीट सांगता येईना, म्हणून साहेबांनी दात काढून हातात घेतले आणि सांगितलं. शेतकरी निघून गेला. साहेबांनी दात परत बसवले, झगा सावरला आणि गरजले, "झुंबर! मला कोणीही थांबवू शकत नाही!"

इम्रान कॅमेऱ्यामागून म्हणाला, "सर, आत्ताच तर दवा लिहून दिली तुम्ही!"

* * *

आता कापूसगड. पुस्तकात तो कापसाचा पांढरा डोंगर आहे. कंपनीवाल्यांना असला डोंगर उभा करायला काय काय लागलं असतं कोण जाणे. आम्हाला फक्त गावाला विचारायचं होतं! भाव नाही, खरेदी नाही, कापूस घरात पडून. बायका म्हणाल्या, "घेऊन जा वं बाई, तेवढंच घरात चालाले जागा होईन."

बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये दोन दिवस बैलगाड्या येत होत्या. पण कापूस एकमेकांत मिसळायला नको, म्हणून प्रत्येक घरानं आपल्या ढिगाखाली आणि मधे मधे जुनी साडी अंथरली. समोरून बघाल तर शुभ्र डोंगर. मागून बघाल तर लुगड्याच्या दुकानात आलोय असं वाटेल. डोंगरावर सिंहासन, सिंहासनावर गजू. आणि साठवणीच्या कापसानं अंगाला खाज सुटते हे आमच्यापैकी एकालाही आठवलं नाही.

"प्रजाजनहो!" गजू गरजला आणि त्यानं मान खाजवली. "या गडाचं," दंड खाजवला, "रक्षण," पाठ, "मी करीन!" मग दोन्ही हातांनी पोट.

मी कट म्हणणार तेवढ्यात काकांचा शेरा आला, "राजा खराच वाटते. काम न करनारा मानूस असाच खाजवत बसते."

मग आम्ही राजाची खाज ठेवून दिली.

पण खरा गोंधळ दुसऱ्या दिवशी झाला. सकाळी निम्मा सीन झाला होता. तेवढ्यात कुणीतरी सायकलवरून ओरडत आलं, "खरेदी चालू झाली! आज काटा चालू हाय!" आणि माझ्या डोळ्यांसमोर कापूसगड हलायला लागला. लोक धावत आले, आपापली साडी ओळखली, चार कोपरे धरले, गाठोडं बांधलं आणि गाडीत टाकलं. डोंगराचा डावा उतार गेला. मग शिखर गेलं.

"डायरेक्टर," इम्रान कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाला, "पहाड कमी होऊन राह्यला."

मी ओरडत सुटले. थांबा! फक्त दोन तास थांबा! सीन अर्धा आहे! एका काकूंच्या गाठोड्याचं टोक मी हातानं धरून ठेवलं. त्या थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, समजुतीनं.

"पोरी, लगन आहे घरात," त्या म्हणाल्या. "तुह्या राजाले थोडा कापूस ठेवून जातो. पन हे सोड."

मी सोडलं. 'आपली गोष्ट, आपला कापूस' म्हणत गावभर भाषणं देणारी मी, आणि ज्या दिवशी कापूस विकला जाणार त्याच दिवशी तो अडवून उभी! त्या प्रसंगाची लाज मला अजून वाटते. जाताना काकूंनी खरंच दोन ओंजळी भरून सिंहासनाखाली टाकल्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकांनीही टाकल्या. दुपारपर्यंत गडाची जागा उघडी पडली होती, आणि मधोमध गुडघ्याएवढ्या ढिगावर बोंडराजा खाजवत बसलेला.

संध्याकाळी बाभुळगावला जाऊन मी रडकुंडीला येत सगळं सांगितलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"मग लाल्यानं गड खाल्ला असं दाखवा. राजाकडे एवढंच उरलं, आणि तरी तो बसून आहे. तिसऱ्या पुस्तकात तेच आहे, तेवढं तिथून घ्या. तू वाचलंयस ना नीट?"

मी सातही पुस्तकं पाठ असल्याचं सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरत होते. तिसरं पुस्तक त्याच दिवशी पुन्हा काढलं.

* * *

उडण्याचा सीन. मंडपवाल्याकडून हिरवं कापड आणलं. मागे हिरवं, खाली हिरवं. झुंबरला पाठीवर घेऊन ढवळ्या त्यावरून चालणार, नंतर इम्रान कॉम्प्युटरमध्ये सगळं हिरवं पुसून तिथे आकाश टाकणार. आकाश आधीच तयार होतं, इम्रान पाण्याच्या टाकीवर चढून गाव शूट करून आला होता.

त्या सकाळी काका ढवळ्याला घेऊन आले आणि आम्ही बघतच राहिलो. धुतलेला, चकचकीत, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू, आणि शिंगं पोळ्याला रंगवतात तशी ताज्या रंगानं रंगवलेली. पोळा होऊन कितीतरी महिने झाले होते!

"बैल उडत नाई," काका म्हणाले. "पन फोटू निघनार आहे तं चांगला तं दिसला पाह्यजे."

इतके आम्ही भारावलो की तासभर शूटिंग केलं. ढवळ्या राजासारखा चालला. दोन दिवसांनी इम्रानचा फोन आला.

"डायरेक्टर, जल्दी दारव्हा येऊन जा. मोठा लोचा झाला."

गेले. स्क्रीनवर ढवळ्या आकाशात होता. उडत होता! पण डोक्यावर शिंगं नव्हती. शिंगांच्या जागी निळं आकाश आणि एक ढग.

काकांनी शिंगं हिरवी रंगवली होती. कॉम्प्युटरनं सगळं हिरवं पुसलं होतं!

आता हे काकांना सांगायचं कुणी? गजूला पाठवलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमच्या मशीननं बैल उडवला, अन् शिंगं खाल्ले?"

"हो काका."

"पाह्यलं? मी म्हनलं होतं. बैल उडत नाई. उडला तं असा बोडका होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच शिंगं खरवडून लाल केली. ढवळ्या परत हिरव्या कापडावरून चालला. चक् चक्.

* * *

पाडवा आठवड्यावर आला. उडण्याचा सीन कॉम्प्युटरमध्ये तयार व्हायला सलग तास लागायचे, आणि दारव्ह्याला लोडशेडिंग असं की सलग काहीच नाही. नव्वद टक्क्यांवर आलं की लाइट जायची! इम्रानच्या खालाजान, म्हणजे मावशी, उमरखेडला. तिथलं लाइटचं वेळापत्रक उलटं, इकडे गेली की तिकडे यायची. झालं! इम्राननं कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळला, धक्के बसू नयेत म्हणून छातीशी धरला आणि काळीपिवळी जीपमध्ये बसला.

जीप कशी भरतात तुम्हाला माहीत आहे. पण गोधडी बघून लोकांनी सरकून जागा दिली, खिडकी दिली. समोरच्या आजीबाईंनी ऊन लागू नये म्हणून गोधडीचं टोक ओढून घेतलं.

"लेकरू लय शांत आहे," त्या कौतुकानं म्हणाल्या. "मायले नाई आनलं?"

इम्रान म्हणतो, "मी काय सांगू यार? एवढ्या प्रेमानं विचारून राह्यली होती. मी म्हटलं, नाई आजी, हे बिना मायचंच आहे."

आजीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. उमरखेड येईपर्यंत त्यांनी इम्रानच्या हातात दोन संत्री, एक बिस्किटाचा पुडा आणि दृष्ट काढायला सात मिरच्या दिल्या.

सीन पूर्ण झाला. मिरच्यांमुळे की वेळापत्रकामुळे, याच्यावर आमच्यात अजून वाद आहे.

* * *

पाडव्याची संध्याकाळ. बाभुळगावच्या शाळेच्या मैदानात दोन बांबूंना मांजरपाटाचा पडदा. बारदानावर माणसंच माणसं. काकांचं अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून आलेलं. पहिल्या रांगेत तीन खुर्च्या. मधे निमाबाई. उजवीकडे पुण्याचा भाचा, मांडीवर फाइल, खिशाला पेन. तो माणूस वाईट नव्हता, नुसता घड्याळ बघत होता. डावीकडे नामदेवकाका, धुतलेलं धोतर, हात गुडघ्यांवर. तिसरीत बसले असतील तसेच.

दिवेलागणीला जनरेटर सुरू झाला आणि पडद्यावर प्रकाश पडला.

काय सांगू! उंबऱ्यावरची आजी पडद्यावर हसली, तेव्हा बारदानावरची आजी स्वतःकडे बघून हसायला लागली. राजानं पोट खाजवलं, शिट्ट्या! डोंगराच्या कडेला साडीचा काठ दिसला तर मागून एक बाई किंचाळली, "माही साडी व्हय ते!" लाल्या आला तेव्हा पोरं घाबरली आणि मागच्या रांगेतून मोठे लोक एका सुरात ओरडले, "फवारणी!" गुडघ्याएवढ्या ढिगावर राजा एकटा बसला, तेव्हा मात्र कुणी ओरडलं नाही. गाठोड्याच्या त्या काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

मग तो सीन आला. झुंबर ढवळ्याच्या पाठीवर बसली. तिनं जिभेनं आवाज केला, चक् चक्. ढवळ्या धावायला लागला, आणि त्याचे पाय जमिनीवरून सुटले.

मैदानात फक्त जनरेटरचा आवाज. वर लाल शिंगं, खाली वावरं, रस्ता, गाव, गोठ्याचं छप्पर. पोरांची तोंडं उघडी. पण मी पडद्याकडे बघतच नव्हते. बाईसुद्धा नव्हत्या. आम्ही दोघी काकांकडे बघत होतो. हे तेच काका, ज्यांनी स्वतःच्या हातानं बैल हिरव्या कापडावरून चालवला होता, दोनदा. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त जीभ हलली. अगदी हळू. चक् चक्.

मग ते उठून उभे राहिले. नजर पडद्यावर, आणि एक पाय खुर्चीखाली चपला चाचपडत होता. निघाले! पटलं नाही!

भाच्यानं खिशातून पेन काढलं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"उडाला का रे, नामदेव?" त्यांनी विचारलं.

काकांना चप्पल सापडली. दुसरी सापडेना. तिचा नाद सोडून ते तसेच एका चपलेनं निघाले, आणि वळून बाईंना म्हणाले,

"बाई, मी त्याले दोन दाव्यानं बांधून आलतो. पन आता घरी जाऊन पाह्यतो एकडाव."